आरूचे पाय सोडवायला

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका कपडे शिवायला टाकायच्या निमित्ताने येतात आणि विचारतात, "पुन्यात काय काय पाह्यलं वं?" अडीच महिने राहून आले म्हटल्यावर त्यांना काहीतरी भरघोस ऐकायचं असतं. मी शनिवारवाडा पाहिला नाही, सिंहगड पाहिला नाही, सारसबागेच्या गणपतीला चालत्या रिक्षातून हात जोडले. जे पाहिलं ते ब्लाऊजचं माप घेता घेता सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे. आमच्या दारव्ह्यात आणि आसपासच्या गावांत आरूसारखी आणखी मुलं आहेत. त्यांच्या आयांना कधी जावं लागलं तर पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असलेलं बरं.

आरोही, म्हणजे आरू, माझी एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची. सातव्या महिन्यातच जन्मली. डोकं तल्लख, तोंड त्याहून तल्लख, पण पाय कायम ताठ. चालायला गेली की गुडघे एकमेकांना घासायचे, पाय कात्रीसारखे आडवे पडायचे, आणि टाचा कधी म्हणून जमिनीला टेकल्या नाहीत. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. घरात ती रांगत फिरायची, माझ्या शिलाई मशीनला धरून चवड्यांवर उभी राहायची, आणि मी मागून धरलं तर मशीनपासून दारापर्यंत पंधरा पावलं टाकायची. पाहुणे आले की आम्ही ती पंधरा पावलं दाखवायचो.

पाठीच्या कण्यातल्या काही नसा कापून असा ताठरपणा कमी करता येतो, हे यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि पुण्याचा पत्ता दिला. आरूचे पप्पा शाळेची व्हॅन चालवतात. त्यांना सुट्टी नव्हती, आणि मनातून त्यांना हे पटलेलंही नव्हतं. "उभी तरी राह्यते ना थे," ते म्हणाले. "आहे थेही घालवाले जाता काय?" मी म्हटलं, जाईन. शेवटचा शब्द माझा होता, तेव्हा जे काही होईल तेही माझ्याच माथी येणार होतं. हे ओझं घेऊन मी गाडीत बसले. प्रवासाचं आणखी काही सांगण्यासारखं नाही.

हडपसर

माझा मोठा भाऊ संतोष हडपसरला कारखान्यात कामाला आहे. त्याच्याकडेच उतरलो. वहिनीही आमच्या भागातलीच, पण आठ वर्षांत पुण्याचं पाणी लागलेलं. आता ती "काहून" म्हणत नाही, "का बरं" म्हणते. मी पहिल्याच दिवशी चिडवून घेतलं.

सकाळी तिने पोहे दिले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. आरूने ताटली सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. "मामी, तर्री राह्यली काय वं?" वहिनीने सांगितलं की इथे पोह्यांवर रस्सा घेत नाहीत, असेच खातात. "मंग गिळते कसे?" आरूने मनापासून विचारलं. त्या दिवसापासून वहिनी तिच्यापुरता वाटीभर चण्याचा झणझणीत रस्सा करायला लागली, आणि आठवडाभरात भाऊही त्यात वाटेकरी झाला.

एक गोष्ट मला आधी फार खुपली. आमच्याकडे आरूला कडेवर घेऊन एसटीत चढलं की शेजारची बाई विचारणारच, "काय झालं वं पोरीले? लहानपनापासून हाय काय?" मग पुढच्या सीटवरची वळते, आणि उतरेपर्यंत तीन औषधं, दोन देवस्थानं आणि एक मांत्रिक पदरात पडतो. पुण्यात कोणी काही विचारत नाही. पहिले दोन दिवस मी मनात म्हटलं, काय कोरडी माणसं आहेत! तिसऱ्या दिवशी बिल्डिंगमधले एक आजोबा आम्हाला पाहून लिफ्टचं दार धरून उभे राहिले. आम्ही आत शिरलो, वर आलो, उतरलो. आजोबा एक अक्षर बोलले नाहीत, फक्त जाताना आरूला म्हणाले, "फ्रॉक छान आहे. कुठून घेतला?" सहा वर्षांत परक्या माणसाने आरूला तिच्या पायांखेरीज दुसरं काही विचारल्याचं मला आठवत नाही. घरात येऊन मी वहिनीला हे दोनदा सांगितलं, तरी तिला कळेना की आजोबांच्या बोलण्यात एवढं काय होतं.

वारज्याच्या अलीकडे, दवाखान्यात

सर्जन मध्यम वयाचे, हळू बोलणारे. त्यांनी आरूला टेबलावर बसवून पाय वाकवले, सोडले, ताणले, आणि सगळं झाल्यावर कागदावर पाठीचा कणा काढून मला समजावलं. पायांकडून कण्याकडे खबर नेणाऱ्या नसा असतात. आरूच्या त्या नसा उगाच आरडाओरडा करतात, म्हणून पायांचे स्नायू सतत आवळून राहतात. कंबरेच्या वर कणा उघडून त्या नसांचे बारीक बारीक धागे सुटे करायचे, एकेकाला विजेचा हलका झटका देऊन पाहायचं, आणि जो जास्त गोंगाट करतो तेवढाच कापायचा. बाकीचे ठेवायचे.

धाग्यांचं बोलणं निघालं तेव्हा मला धीर आला. "चुकून दुसराच धागा कापला गेला तर?" मी विचारलं.

"तसं होऊ नये म्हणूनच इतके तास लागतात," ते म्हणाले. "पण एक गोष्ट नीट ऐका. आज ती उभी राहते ती पायांच्या ताकदीवर की ताठरपणाच्या आधारावर, हे मला नक्की सांगता येत नाही. ताठरपणा गेला की आतली खरी ताकद दिसेल. ती कमी असू शकते. सुरुवातीला ती आजच्याइतकीही उभी राहणार नाही. पुढचं काम व्यायामाचं आहे. मी पाय सोडवून देईन. चालेलच अशी हमी देणार नाही."

मी सही केली. सही मशीनवर मारलेल्या टिपेसारखी सरळ आली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आरूला आत नेलं तेव्हा तिने विचारलं, "आई, माह्ये पाय झोपतीन का मीही झोपीन?" मी म्हटलं, दोघंही झोपाल. भाऊ कामावर दांडी मारून आला होता. आम्ही दोघं बाकावर बसलो. त्याने डबा उघडला, मी बंद केला. त्याने पुन्हा उघडला. शेवटी मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "सगळं ठरवल्याप्रमाणे झालं." त्यांच्या टोपीच्या कडेची शिलाई उसवली होती. तेवढ्यातही माझं लक्ष तिकडे गेलं, काय करणार.

पहिले काही दिवस तिला सपाट झोपवून ठेवलं होतं. कुशीवर वळवायचं तरी दोन नर्स मिळून, लाकडाच्या ओंडक्यासारखं, पाठ न वाकवता. उठून बसायची परवानगी मिळाली त्या दिवशी नर्स म्हणाल्या, "आज कपडे तुम्ही बदला, मी शेजारी उभी आहे."

आता हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच कळेल. आरूला चड्डी घालायची म्हणजे गेली सहा वर्षं माझी कुस्ती असायची. एक गुडघा माझ्या मांडीखाली दाबायचा, दुसरा पाय धरून जोर लावून बाजूला ओढायचा, ती "हळू, हळू" म्हणायची, आणि कात्री उघडली की पटकन कपडा सरकवायचा. माझ्या मनगटांना त्या जोराची इतकी सवय की हात आपोआप तेवढा जोर घेऊन जायचे. मी नेहमीसारखा पाय धरला आणि ओढला. पाय भसकन बाजूला गेला आणि घोटा पलंगाच्या दांड्यावर आपटला.

आरू ओरडली. मी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. मला वाटलं, पायातला जीवच गेला. नर्सने शांतपणे घोटा तपासला, "काही झालं नाही" म्हणाल्या, आणि माझा हात धरून आरूच्या पावलावर ठेवला. "हळूच धरा. आता कोणी भांडत नाही तुमच्याशी."

मी पाऊल हातात घेतलं. गरम होतं. मऊ होतं. मी वर ढकललं तसं ते वर आलं, आणि टाच माझ्या तळहातात अलगद बसली. सहा वर्षांत ही टाच मी तेल लावताना पाहिली होती, पण असा तिचा भार हातात कधी घेतला नव्हता. मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. आरू म्हणाली, "लागलं मले, अन् रडते तू."

बिबवेवाडी

टाके निघाल्यावर रोजची वारी सुरू झाली, हडपसर ते बिबवेवाडी, रिक्षाने, व्यायामाच्या केंद्रात. तळमजल्यावर दोन खोल्या, भिंतीला आरसे, जमिनीला गाद्या, मधोमध दोन समांतर दांडे. तिथल्या मेधाताईंकडे आम्हाला सोपवलं होतं. पन्नाशीच्या, बारीक, केसांचा घट्ट अंबाडा. मुलांशी बोलताना आवाज मधासारखा आणि आयांशी बोलताना इस्त्री केलेला.

पहिला आठवडा आरू नुसती लोंबायची. दांड्यांमध्ये उभी केली की गुडघे पाण्यासारखे वाहून जायचे. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तरी ऐकणं वेगळं आणि पाहणं वेगळं. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मात्र ती उभी राहिली. मेधाताई समोरून आकडे मोजत होत्या, मी मागे होते. पंधरा झाले, वीस झाले. मेधाताईंचा चेहरा उजळला. मग त्या जरा थबकल्या आणि चालत माझ्या मागे आल्या.

"अहो, हे काय आहे?"

माझी दोन बोटं आरूच्या पॅन्टच्या कमरेला मागे लावलेल्या पट्टीत अडकलेली होती. ही माझी कलाकुसर. आरूच्या प्रत्येक पॅन्टला मी मागे दुहेरी कापडाची एक भक्कम कडी शिवते, तिहेरी टीप मारून. त्यात बोटं घातली की पोरगी पडत नाही आणि समोरच्याला दिसतही नाही. ती पंधरा पावलं या कडीवरच चालत होती. आमच्या गल्लीत दोघींनी ते पाहून आपापल्या सासूच्या परकराला तशी कडी लावून घेतली आहे. मी हे सगळं मेधाताईंना जरा अभिमानानेच सांगितलं.

"मुलगी आहे की प्रवासी बॅग?" त्या म्हणाल्या. "अशा किती पॅन्ट आहेत?"

"बारा."

"बाराही उसवून आणा. उद्या मी बघणार आहे. आणि उद्यापासून तुम्ही त्या खुर्चीवर बसायचं. चालायला तिला शिकायचंय, तुमचं झालंय शिकून."

मी जाम भडकले. रिक्षात भावाला फोन करून मेधाताईंचा उद्धार केला. पोर पडली तर ही बाई येणार आहे का दारव्ह्याला? घरी जाऊन जमिनीवर बसले, ब्लेड घेतलं आणि एकेक कडी सोडवायला लागले. स्वतः मारलेली तिहेरी टीप उसवायला किती वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं. वहिनी समोर येऊन बसली आणि सुटलेले दोरे गोळा करत राहिली. अकरा झाल्या. बारावी, पिवळी, मी घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवली. एखादी असू द्यावी, गर्दीत कुठे जायचं झालं तर, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मेधाताईंनी ढीग वरवर पाहिला, मोजला नाही. चार दिवसांनी आरूला तीच पिवळी घालून मी केंद्रात नेलं. वर लांब झगा होता, कोणाला दिसण्याचं कारण नव्हतं. मेधाताई दांडे पुसत होत्या. आरू गादीवर बसली होती. तिने हात मागे नेला, चाचपलं, आणि अगदी खणखणीत आवाजात म्हणाली, "मेधाताई, आईनं एक ठेवली. कात्री आहे काय तुमच्याजवळ?"

मेधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता माझी सालटी निघणार. पण त्यांनी टेबलावरची कात्री आणून माझ्याच हातात दिली. मी गुडघ्यावर बसले. आरू पाठमोरी. "काप ना," ती म्हणाली. मी कापली.

नंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. मी खुर्चीवर, आरू दांड्यांत. उभी राहायची, तीन आकड्यांत खाली बसायची. चार आकडे. पुन्हा दोन. माझे हात मांडीवर पडून असायचे आणि तिचा तोल गेला की आपोआप उठायचे. मेधाताई न बघता म्हणायच्या, "आरोहीच्या आई, हात." मी परत खाली घ्यायची. संध्याकाळी आरूच्या पप्पांचा फोन यायचा. ते रागावत नव्हते, आणि तेच मला सोसत नव्हतं. "किती झाले आज?" विचारायचे. मी म्हणायची, चार. एकदा ते म्हणाले, "पंधरा पावलं टाकत होती वं." मी फोन वहिनीकडे दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. ती पंधरा पावलं माझ्या बोटांची होती, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते खरं असेल तर आरूचं स्वतःचं असं काय उरलं होतं?

एक दिवस मेधाताईंनी आरूच्या पायांखाली पांढरा कागद अंथरला, तळव्यांना निळा रंग लावला आणि तिला दांडे धरून उभं केलं. मग उचलून कागद माझ्यापुढे धरला. "बघा."

कागदावर बोटं उमटली होती, चवडा उमटला होता, आणि त्याच्या मागे, जरा फिक्या, दोन गोल टाचा. मी तो कागद हातात घेऊन बसून राहिले. मेधाताई म्हणाल्या, "आकडे कमी दिसतात, पण हे उभं राहणं तिचं आहे. आधीचं नव्हतं." आणि मग इस्त्रीचा आवाज जरा बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुम्ही चहा घेता का? मी करते." चहा अतिशय गोड होता. मी संपवला.

त्यानंतर आकडे वाढत गेले. दहा, मग तीस. मग वॉकर आला, चाकांचा, तिने स्वतःच्या पाठीशी ठेवून धरायचा. हे शिकवता शिकवता मेधाताईंनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे पडणं. हात पुढे कसे टाकायचे, डोकं कसं वाचवायचं, गादीवर रोज दहा वेळा. मी म्हटलं, हे कशाला? "चालणारी माणसं पडतात," मेधाताई म्हणाल्या.

पुन्हा हडपसर

निघायला आठवडा राहिला होता. सुट्टीचा दिवस, भावाच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये मुली फरशीवर खडूने घरं आखून ठिकरी टाकून खेळत होत्या. आरू वॉकर घेऊन कडेला उभी राहून त्यांना सल्ले देत होती. मी चार पावलांवर खांबाला टेकून मटार सोलत होते. वहिनी पायरीवर बसून व्हिडिओ कॉलवर आरूच्या पप्पांशी बोलत होती.

एका मुलीने आरूला विचारलं, "तू टाकतेस का?" आरूने ठिकरी घेतली, टाकली. पहिल्या घरात पडली. नियमाप्रमाणे आता तिने त्या घराशी जायला हवं होतं. तिने घराकडे पाहिलं, वॉकरकडे पाहिलं, आणि हात सोडले.

मी जागेवरच थिजले. ताटली माझ्या हातात होती. एक पाऊल. टाच आधी टेकली, मी पाहिलं. दुसरं. तिसरं. चौथ्याला डावा गुडघा वळला आणि ती पुढे कोसळली, हात पुढे टाकून, डोकं वर धरून, शिकवल्याबरहुकूम. मटार सगळीकडे घरंगळले. मी धावले नाही. का धावले नाही ते अजूनही मला सांगता येत नाही. पाय निघत होते आणि मी त्यांना धरून ठेवत होते.

आरू काही क्षण तशीच पडून होती. मग हातांवर रेटून बसली, पॅन्ट वर केली आणि गुडघा पाहिला. रांगून रांगून त्या गुडघ्यांना घट्टे पडलेले होते, पण आज साल निघाली होती आणि रक्ताचे लाल ठिपके वर येत होते. तिने बोट लावून पाहिलं. बोटाकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा असा फुलला की मी त्या पोरीला जन्म दिला तरी तो चेहरा कधी पाहिला नव्हता.

"मामी! फोन इकडं दे! पप्पाले दाखव!"

वहिनी फोन घेऊन धावली. आरूने गुडघा स्क्रीनच्या इतका जवळ नेला की पलीकडे नुसतं लालच दिसलं असणार. "पप्पा, मी पडली! चालता चालता पडली! आईनं धरलंच नाई मले!"

मी जवळ गेले. स्क्रीनवर दाराशी उभ्या व्हॅनची खिडकी दिसत होती आणि तिच्या पप्पांचा अर्धा चेहरा. ते दुसरीकडे बघत होते, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. मग ते म्हणाले, "किती लागलं वं बेटा?"

"खूप!" आरू म्हणाली. "अन् मले आता उठून दुसऱ्या घरात जायचं आहे. थांबा तुमी."